अठ्ठ्याहत्तर चित्रे पुन्हा का काढायची? सर्वसमावेशक टॅरो संच कसा घडतो

भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टॅरोच्या पत्त्यांची जगातली सर्वांत ओळखीची चित्रे १९०९ साली लंडनमध्ये छापली गेली. त्यांच्यावरचा कॉपीराइट भारतात २०११ अखेर संपला आणि ब्रिटनमध्ये २०२१ अखेर. त्यामुळे ती मूळ चित्रे आज या देशांत कोणीही छापून विकू शकतो. तरीही अमेरिकेतले आणि ब्रिटनमधले अनेक चित्रकार, आणि आता भारतातलेही काही, हेच अठ्ठ्याहत्तर पत्ते कोऱ्या कागदापासून नव्याने काढत आहेत आणि आपल्या संचाला ‘आधुनिक’, ‘सर्वसमावेशक’ अशी विशेषणे लावत आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला हे कोडे वाटते. कोणाला ती निव्वळ विक्रीची युक्ती वाटते, तर कोणाला जुन्या गोष्टीत केलेली लुडबुड. पत्त्यांनी भविष्य कळते का, हा प्रश्नही लगेच पुढे येतो. त्याकडे लेखाच्या शेवटी वळू. आधी ही चित्रे बदलावीशी का वाटतात आणि ती बदलून छापेपर्यंत काय काय करावे लागते, ते पाहू.

संचात असते तरी काय

टॅरोच्या अठ्ठ्याहत्तर पत्त्यांपैकी छप्पन्न पत्ते आपल्या नेहमीच्या बावन्न पत्त्यांचे सख्खे नातेवाईक आहेत. त्यांत चार रंग असतात : वाँड्स म्हणजे काठ्या, कप्स म्हणजे प्याले, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी आणि पेंटॅकल्स म्हणजे नाणी. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते असतात आणि त्यांच्या जोडीला राजा, राणी, नाइट म्हणजे घोडेस्वार आणि पेज म्हणजे तरुण सेवक अशी चार दरबारी माणसे असतात. या छप्पन्न पत्त्यांना मायनर अर्काना म्हणतात. उरलेले बावीस पत्ते कोणत्याच रंगाचे नसतात. द फूल, द एम्परर, द लव्हर्स, डेथ, द सन अशी नावे असलेल्या या चित्रांना मेजर अर्काना म्हणतात. यापुढे आपण त्यांना लहान पत्ते आणि मोठे पत्ते एवढेच म्हणू.

हे सारे जन्माला आले ते खेळण्यासाठी. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारासारख्या शहरांतल्या दरबारांत, चार रंगांच्या पत्त्यांना ही जादा चित्रे जोडली गेली आणि ती हुकुमाचे काम करू लागली. आपल्याकडे डावागणिक हुकूम बदलतो, तिथे मात्र हे पत्ते कायमचेच हुकूम होते. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात हा खेळ आजही खेळला जातो. भविष्याशी त्याचा संबंध ठळकपणे जोडला गेला तो १७८१ साली, जेव्हा आंत्वान कूर द जेबेलँ या फ्रेंच लेखकाने हे पत्ते प्राचीन इजिप्तच्या गूढ ज्ञानाचे अवशेष आहेत असा दावा केला. इजिप्तची चित्रलिपी उलगडली ती १८२२ साली. म्हणजे हा दावा झाला तेव्हा तो पडताळून पाहण्याची सोयच नव्हती, आणि बहुधा त्यामुळेच तो इतका टिकला.

१९०९ साली काय बदलले

त्या काळी प्रचलित असलेल्या संचांत मोठ्या पत्त्यांवर चित्रे असत. लहान पत्त्यांवर मात्र पाच नाणी, आठ तलवारी अशी नुसती मोजणी असे. आर्थर एडवर्ड वेट या लंडनच्या गूढविद्या-अभ्यासकाने नवा संच योजला आणि चित्रांचे काम पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीकडे दिले. स्मिथ १८७८ साली लंडनमध्ये जन्मलेली, बालपणाचा काही काळ जमैकात घालवलेली, न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली, रंगभूमीवर वावरलेली आणि जमैकाच्या लोककथा सांगण्याचे कार्यक्रम करणारी कलावती होती. तिने काही महिन्यांत सगळे पत्ते काढले आणि लहान पत्त्यांवरही माणसे, घरे, रस्ते, आजारपण, जेवणावळी, भांडणे असे पूर्ण प्रसंग रंगवले. लहान पत्त्यांवर प्रसंग रंगवलेला पंधराव्या शतकातला एक इटालियन संच तिच्या आधी होऊन गेला होता. पण सामान्य माणसाच्या हाती हे रूप आले ते स्मिथमुळे, आणि आज छापले जाणारे बहुतेक संच, अगदी बंडखोर म्हणवणारेसुद्धा, तिच्याच मांडणीला धरून किंवा तिच्याशी वाद घालत उभे असतात.

१९०९ च्या नोव्हेंबरात छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात स्मिथने, मोठे काम उरकले पण पैसे फार थोडे मिळाले, असे नोंदवले आहे. संच पुढे ओळखला गेला तो ‘रायडर-वेट’ या नावाने : रायडर म्हणजे प्रकाशक, वेट म्हणजे योजक. चित्रे काढणारीचे नाव त्यात नव्हते. पत्त्यांच्या कोपऱ्यात तिची चिमुकली गुंफलेली सही तेवढी होती. १९५१ साली इंग्लंडमधल्या ब्यूड गावी ती वारली, तेव्हा तिच्यावर कर्ज होते. अलीकडे अभ्यासक ‘रायडर-वेट-स्मिथ’ म्हणू लागले आहेत. सर्वसमावेशक संचाची चर्चा करताना बहुतेक जण पत्त्यांवरच्या चेहऱ्यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते या संचातले पहिले वगळणे खोक्यावर झाले होते, आणि चेहरे बदलूनही खोके तसेच राहिले तर काम अर्धेच झाले.

कोण दिसते आणि कुठे दिसते

स्मिथच्या संचातली माणसे जवळजवळ सगळी गोरी, युरोपीय आणि मध्ययुगीन पोशाखातली आहेत. हे लगेच लक्षात येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या नजरेत दिसते, ती म्हणजे कोणत्या माणसाला कोणती जागा दिली आहे.

टॅरोवाले ज्याला फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स म्हणतात ती नाण्यांची पंजी घ्या. बर्फात दोन दरिद्री माणसे चर्चच्या उजळलेल्या खिडकीखालून चालली आहेत आणि त्यांतला एक कुबड्यांवर आहे. ठळकपणे अपंग असा माणूस संचात शोधू गेल्यास हाच सापडतो, आणि तो दैन्याच्या पत्त्यावर आहे. प्याल्यांच्या नव्वीवर भरल्या पोटाने हाताची घडी घालून बसलेला स्थूल माणूस आहे. म्हणजे जाड शरीर आले की ते सुखासीनतेचे चिन्ह म्हणून. नाण्यांच्या छक्कीवर एक श्रीमंत व्यापारी हातात तराजू धरून गुडघे टेकलेल्या दोघांना पैसे देतो आहे : देणारा उभा, घेणारे खाली. सोळा दरबारी पत्त्यांत राण्या चार आणि पुरुष बारा. लव्हर्स या पत्त्यावर देवदूताखाली एक नग्न पुरुष आणि एक नग्न स्त्री, म्हणजे प्रेमाची एकच शक्य जोडी.

याला एक सुंदर अपवाद आहे, तो मृत्यूच्या पत्त्याचा. पांढऱ्या घोड्यावरचा सांगाडा पुढे येतो आहे, राजा आडवा पडला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, तरुणी मान वळवते आहे आणि लहान मूल समोर पाहते आहे. १९०९ च्या संचातला सर्वांत सर्वसमावेशक पत्ता बहुधा हाच.

पत्ते वापरणारा माणूस समोर आलेल्या चित्रात स्वतःला ठेवून पाहतो. पत्त्यांचा उपयोग, मग तो गंभीरपणे केलेला असो की गमतीने, याच रीतीने होतो. कुबड्या वापरणाऱ्या वाचकाला स्वतःसारखे शरीर एकाच पत्त्यावर आणि तेही दारिद्र्याच्या अर्थाने दिसत असेल, तर राजाचा किंवा सूर्याचा पत्ता त्याच्याशी बोलण्याआधी त्याला मनातल्या मनात एक भाषांतर करावे लागते. हा दरवेळचा जादा खटाटोप काढून टाकणे हे नव्या संचांचे खरे काम आहे.

‘पण परंपरेत हात घालायचा अधिकार कोणी दिला?’

या आक्षेपाला इतिहासानेच उत्तर देऊन ठेवले आहे. आज सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या संचांपैकी एक मिलानच्या व्हिस्कोन्ती घराण्याचा आहे. त्याचे सदुसष्ट पत्ते अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जपून ठेवले आहेत. त्यात दर रंगात सहा दरबारी पत्ते होते, कारण घोडेस्वार आणि सेवक यांच्या जोडीला स्त्री घोडेस्वार आणि स्त्री सेविकाही होत्या. म्हणजे घोड्यावरची बाई ही एकविसाव्या शतकाची कल्पना नाही. उलट तिला नंतरच्या संचांनी वगळले. १७२५ साली बोलोन्यात पोपच्या प्रतिनिधीच्या हुकमावरून पोप, स्त्री-पोप, सम्राट आणि सम्राज्ञी हे चार पत्ते काढून त्यांच्या जागी चार मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकी मुस्लिम, घातले गेले. काही संचांत धर्माधिकाऱ्यांना नको म्हणून पोपच्या जागी ज्युपिटर हा रोमन देव आणि स्त्री-पोपच्या जागी जूनो ही रोमन देवी आली. फ्रेंच राज्यक्रांतीत नेहमीच्या पत्त्यांतले राजे-राण्या हटवून तिथे स्वातंत्र्य आणि समता यांच्या प्रतिमा छापल्या गेल्या. वेटने स्वतः स्ट्रेंग्थ आणि जस्टिस या पत्त्यांच्या क्रमांकांची अदलाबदल केली.

आपल्याकडचा दाखला तर अगदी जवळचा आहे. युरोपात पत्ते पोहोचले चौदाव्या शतकात, इजिप्तच्या माम्लुक राजवटीकडून. त्या पत्त्यांत प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग होते आणि दरबारात राजा व त्याचे दोन नायब असत; राणी नव्हती. पश्चिम आशियातल्या त्याच पत्तेसंस्कृतीची पूर्वेकडे आलेली शाखा म्हणजे गंजिफा. मुघल गंजिफ्यात आठ रंग आणि शहाण्णव पत्ते होते. भारतात त्याचा दशावतारी गंजिफा झाला : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा पत्ते, असे एकशे वीस गोल पत्ते. सावंतवाडीत लाखकामाच्या परंपरेत ते आजही हाताने रंगवले जातात. पत्त्यांचा कोणताही संच नव्या मुलखात गेला की तिथल्या माणसांच्या ओळखीच्या प्रतिमा अंगावर घेतो. सावंतवाडीचा गंजिफा त्याचा आपल्या दारातला पुरावा आहे.

नवा संच आखताना

टॅरोमधला हा बदल जाणीवपूर्वक हाती घेणाऱ्या सुरुवातीच्या संचांत मदरपीस टॅरोचे नाव घ्यावे लागते. विकी नोबल आणि कॅरेन व्होगेल यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे स्त्रीवादी दृष्टीने तो घडवला. त्याचे पत्ते गोल आहेत आणि त्यांवर निरनिराळ्या संस्कृतींतल्या स्त्रिया आहेत. किम क्रान्स यांनी २०१२ साली स्वतःच प्रकाशित केलेल्या वाइल्ड अननोन संचात माणसे जवळजवळ नाहीतच, प्राणी आणि झाडे आहेत, आणि दरबारी पत्त्यांची नावे मुलगी, मुलगा, आई, वडील अशी आहेत. लिसा स्टर्ल यांच्या २०१९ च्या मॉडर्न विच टॅरोने तिसरी वाट धरली : स्मिथची मांडणी जशीच्या तशी ठेवायची, पण माणसे आजच्या कपड्यांतली, बहुतांश स्त्रिया आणि वेगवेगळ्या वर्णांच्या. या तिसऱ्या वाटेचा मोठा फायदा असा की जुन्या संचावर शिकलेल्याला नवा संच लगेच वाचता येतो. तोटा असा की मांडणीत दडलेली उतरंडही तशीच येऊ शकते. नाण्यांच्या छक्कीवर व्यापारी सावळा केला आणि गुडघे टेकलेले तसेच ठेवले, तर बदलले काय?

म्हणून रेखाटनाआधी एक मोठा तक्ता करावा लागतो. अठ्ठ्याहत्तर ओळी, आणि प्रत्येक ओळीत पत्त्याचा अर्थ, चित्रातल्या माणसांची संख्या, वय, शरीर, वर्ण, पोशाख, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या प्रसंगात कोणाच्या हाती सत्ता आहे आणि दुःख कोणाच्या वाट्याला आले आहे. तक्ता भरून झाला की तो उभा, म्हणजे एकेक रकाना वरून खाली, वाचायचा. तलवारींच्या रंगातले बहुतेक पत्ते क्लेशाचे आहेत. सगळ्या काळ्यासावळ्या व्यक्ती त्याच रंगात गोळा झाल्या असतील तर संच दिसायला विविध आणि वागायला जुनाच राहील. याच्या उलट चूकही होते. सगळ्या वंचितांना फक्त तेजस्वी पत्त्यांवर बसवले की ती माणसे राहत नाहीत, भित्तिचित्रातले नमुने होतात. व्हीलचेअरवरच्या स्त्रीला राणीचे आसन मिळावे, आणि दुसऱ्या एखाद्या पत्त्यावर तिला मूर्खपणाही करता यावा.

दरबारी पत्त्यांचे काय करायचे, यावर चित्रकारांत एकमत नाही. कोणी राजा-राणी टाकून शिकाऊ, प्रवासी, कारागीर यांसारख्या पायऱ्या करतात. कोणी नावे जुनीच ठेवून राजाच्या पत्त्यावर स्त्री किंवा पारलिंगी व्यक्ती काढतात. मला दुसरा मार्ग अधिक कामाचा वाटतो, कारण त्यात चार पायऱ्यांचा क्रम वाचकाच्या ओळखीचा राहतो आणि लिंगाशी त्याची घातलेली गाठ तेवढी सुटते. लव्हर्स पत्त्यावर समलिंगी जोडपे काढणे हा सोपा उपाय आहे. पण तिथेही एकाच जोडीचा पुतळा उभा राहतो. काही संचांत म्हणूनच या पत्त्याच्या दोन-तीन आवृत्त्या दिल्या जातात आणि वापरणाऱ्याने आपली निवडावी असे ठरते. तेवढे पत्ते जादा छापण्याची तयारी मात्र आधीच ठेवावी लागते.

मराठी किंवा भारतीय संच करू पाहणाऱ्याला पाश्चात्त्य संचांची यादी पुरणार नाही. तिथे ‘वर्ण’ या एका मुद्द्याभोवती बरीच चर्चा फिरते. इथे जात आणि वर्ग हे पोशाखातून, दागिन्यांतून, हातातल्या अवजारातून आणि घराच्या उंबरठ्यावरून बोलतात. सगळ्या बायकांना नऊवारी नेसवून नथ घातली की चित्र मराठी दिसते, पण ते एका थराचे आणि एका सणाचे मराठीपण असते. ऊसतोड कामगार स्त्री, कोळीण, कातकरी आजी, पारलिंगी व्यक्ती, चष्मा लावलेली बुरख्यातली विद्यार्थिनी यांपैकी कोण कोणत्या पत्त्यावर येते, हा निर्णय चित्रकाराने एकट्याने घेऊ नये. ज्यांचे चित्र आहे त्यांतल्या काहींना कच्ची रेखाटने रंग भरण्याआधी दाखवावीत, आणि या कामाचा मोबदलाही द्यावा.

वेळेचा हिशेब सोपा आहे. आठवड्याला एक पूर्ण चित्र म्हटले तरी अठ्ठ्याहत्तर आठवडे, म्हणजे दीड वर्ष लागते. त्यात शैली बदलत जाते, आणि शेवटचे पत्ते झाले की पहिले कच्चे वाटू लागतात.

‘मग एआयकडून काढून घेतली तर?’

हा प्रश्न आता प्रत्येक चर्चेत येतो. त्याचे एक उत्तर कारागिरीचे आहे. आठ तलवारींच्या पत्त्यावर आठच तलवारी हव्यात, आणि चित्र बनवणारी साधने अशा मोजणीत वारंवार चुकतात. शिवाय ही साधने ज्या चित्रसाठ्यावर शिकतात त्यात जे जास्त आहे तेच परत देण्याकडे त्यांचा कल असतो. म्हणजे जे टाळायचे तेच हाती येण्याचा धोका. दुसरे उत्तर कायद्याचे आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेबाबत निर्णय देताना मजकुराला आणि मांडणीला संरक्षण दिले, पण यंत्राने निर्माण केलेल्या चित्रांना नाकारले. अशा चित्रांचा संच उद्या दुसऱ्याने उचलून छापला तर त्याला तिथे रोखणे कठीण जाईल. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळानेही २०२३ च्या ऑगस्टअखेरपासून एआयचा वापर उघड करण्याचे बंधन घातले आहे.

जुनी चित्रे वापरायची असतील तरी एक काळजी घ्यावी लागते. स्मिथची मूळ चित्रे मोकळी झाली असली तरी नंतरच्या प्रकाशकांनी नव्याने रंगवलेल्या आवृत्त्यांवर आणि ‘रायडर’ या नावावरच्या व्यापारचिन्हावर त्यांचे दावे आहेत. तुकोबांचा अभंग सर्वांचा असतो; त्याला लावलेली नवी चाल आणि तिचे ध्वनिमुद्रण मात्र कोणाचे तरी असते. वापरायचीच असेल तर १९०९ च्या काळातल्या छापील प्रतीवरून घेतलेली प्रतिमा वापरावी.

छपाईत काय बिघडते

टॅरोचा रूढ आकार ७० बाय १२० मिलिमीटर आहे. आपला नेहमीचा पत्ता साधारण ६३ बाय ८८ चा असतो. लहान हातांना किंवा सांधेदुखी असलेल्या हातांना मोठा पत्ता पिसणे जड जाते, म्हणून काही प्रकाशक छोटी आवृत्तीही काढतात. समावेशकतेचा हा भाग चित्रात कुठेच दिसत नाही.

कापताना पाते थोडे सरकते हे गृहीत धरून चित्र चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंगवावे लागते; याला ब्लीड म्हणतात. पत्त्याभोवती बारीक चौकट ठेवली तर अर्ध्या मिलिमीटरचा तिरकेपणाही डोळ्यात भरतो, त्यामुळे पहिल्या संचासाठी चौकट टाळलेली बरी. पाठीमागची नक्षी उलटसुलट धरली तरी सारखीच दिसायला हवी, नाहीतर पत्ता उलटा आला आहे हे उघडण्याआधीच कळते. कागद साधारण ३०० ते ३५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा लागतो. ३५० च्या कागदावर नुसत्या अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचे वजन सुमारे २३० ग्रॅम भरते. त्यात कडक खोके आणि पुस्तिका आली की टपालखर्च किमतीत ठळकपणे दिसू लागतो.

सर्वसमावेशक संचाची खरी परीक्षा होते ती रंगांच्या छपाईत. पडद्यावरची चित्रे प्रकाशाने दिसतात आणि कागदावरची निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाईंनी. गडद त्वचेच्या छटा या चार शाईंत जास्त शाई ओतून उभ्या राहतात, आणि शाई मर्यादेबाहेर गेली की चेहऱ्यावरचे बारकावे बुजून एक चिखलाचा डाग उरतो. दीड वर्ष विचार करून काढलेली काळी राणी मशीनवरून अशी उतरली तर सारे मुसळ केरात. त्यामुळे नमुना छापून घेताना गोरे पत्ते न मागता सर्वांत गडद त्वचेचे चार-पाच पत्ते, प्रत्यक्ष वापरायच्या कागदावर आणि लॅमिनेशनसह मागावेत.

रंगांधळेपणाही विसरू नये. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्याचा फरक नीट कळत नाही. चार रंग ओळखण्यासाठी केवळ रंगछटेवर न विसंबता चिन्हाचा आकारही स्पष्ट वेगळा ठेवावा. देवनागरीत पत्त्याचे नाव छापायचे असेल तर वेलांटी, रफार आणि उकार यांना वर-खाली जागा लागते. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या पट्टीत ते गुदमरतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक जोडाक्षरे छापली की शाई पसरून ती भरून जातात.

पैसा आणि करार

ऑफसेट छपाईत साचे बनवण्याचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजार प्रतींना तेवढाच. म्हणून बहुतेक मुद्रक पाचशे-हजार प्रतींखाली उतरत नाहीत, आणि शिवकाशीत छापा की चीनमध्ये, पैसे आधी लागतात. लोकवर्गणी, म्हणजे वाचकांकडून छपाईआधीच घेतलेली नोंदणी, इथे उपयोगी पडते. किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, आणि त्यातून संकेतस्थळ ५ टक्के कापून घेते. पैसे वळते करण्याचे शुल्क वेगळे. हिशेबात छपाई आणि टपाल धरले जाते, पण चित्रकाराची दीड वर्षे पुष्कळदा शून्य रुपयांनी मांडलेली असतात.

दुसऱ्याकडून चित्रे काढून घेणार असाल, किंवा दुसऱ्यासाठी काढणार असाल, तर लेखी करार आधी करावा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक ते काढून घेणारा ठरतो. करारात हक्क सोपवण्याची मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षे धरली जाते. हक्क विकल्यानंतरही आपण निर्माते आहोत हे सांगण्याचा अधिकार कलम ५७ चित्रकाराकडे ठेवते. कलम ५७ मुळे नाव सांगता येते. ते खोक्याच्या दर्शनी भागावर किती मोठे छापायचे आणि दर प्रतीमागे मानधन किती, हे मात्र करारातच लिहून घ्यावे लागते. स्मिथची शंभरावी-हजारावी प्रत विकली गेली तेव्हा तिला काही मिळाले नाही, ते याच कारणाने : काम एकरकमी होते.

‘हे सगळे अंधश्रद्धेलाच खतपाणी नाही का?’

आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पत्ते पिसून काढल्यावर कोणता पत्ता वर येईल हे योगायोगावर ठरते. त्यातून उद्याची घटना कळते याला काही आधार नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून लागू असलेला जादूटोणाविरोधी कायदा अनुसूचीत नोंदलेल्या ठरावीक कृत्यांसाठी आहे आणि चित्रांचा संच छापणे त्यात येत नाही. पण कायद्यात बसते म्हणून प्रकाशकाची जबाबदारी संपत नाही. आजार बरा होईल असा दावा खोक्यावर किंवा जाहिरातीत केला, तर औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आड येतो, आणि यायलाच हवा.

आधुनिक संचांच्या अनेक पुस्तिकांची भाषा बदलली आहे ती या बाबतीत लक्षणीय आहे. ‘तुमच्या आयुष्यात एक गोरा पुरुष येईल’ किंवा ‘काळ्या केसांच्या स्त्रीपासून सावध राहा’ या धर्तीची जुनी वाक्ये तिथे उरत नाहीत. त्यांच्या जागी प्रश्न येतात : या चित्रातल्या कोणाच्या जागी तुम्ही आहात, काय धरून ठेवले आहे, कोणाला विचारायचे राहिले आहे. भविष्य सांगण्याचा दावा मागे पडतो आणि चित्र पाहून स्वतःशी बोलणे पुढे येते. ज्याला तेही नको त्याने हा संच चित्रसंग्रह म्हणून पाहावा, किंवा फ्रेंच नियम शिकून सरळ चौघांत डाव मांडावा. पत्ते त्यासाठी पुरेसे आहेत.

पुस्तिका मात्र चित्रांइतकीच तपासून घ्यावी लागते. चित्रात राजाच्या आसनावर स्त्री बसवली आणि पुस्तिकेत सगळीकडे ‘हा पुरुष’ असेच राहून गेले, तर दीड वर्षाचे काम एका वाक्यात उलटते. मराठीत हे अधिकच जाणवते, कारण क्रियापदही लिंग सांगते. वाचकाला ‘तुम्ही’ म्हणून थेट संबोधले की पुष्कळ वाक्ये या अडचणीतून सुटतात. उरलेली वाक्ये एकेक करून पुन्हा लिहावी लागतात, आणि ते काम मजकूर छपाईला जाण्याआधी, चित्रांवर मत देणाऱ्या त्याच माणसांसमोर बसून करावे.